दात्याची यशोगाथा आणि आमचे आत्मकथन

१

मराठी समीक्षेने आजवर ज्याची दखल घेतलेली नाही असा एक गद्यप्रकार गेल्या दहाबारा वर्षांत आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर लिहिला जात आहे. कंपन्यांच्या वार्षिक अहवालात, नफ्यातोट्याच्या तक्त्यांच्या मागेपुढे, चारदोन रंगीत पाने असतात. त्या पानांवर एक मुलगी असते. तिचे फक्त पहिले नाव दिलेले असते. तिच्या घरची परिस्थिती 'बेताची' असते. मग गावच्या शाळेत कंपनीच्या मदतीने संगणक येतात, मुलीच्या हातात टॅब येतो, तिचा आत्मविश्वास वाढतो आणि ती छायाचित्रात हसते. या गद्यप्रकाराला 'यशोगाथा' म्हणतात.

हे साहित्य आहे काय, असा प्रश्न कोणी विचारील. ज्या लेखनात माणूस पात्र होऊन येतो, ज्याला आरंभ, संघर्ष आणि शेवट असतो, ते लेखन समीक्षेच्या कक्षेत आलेच पाहिजे. शिवाय या गद्याचा नायक बहुतेक वेळा आपल्याच वस्तीतला असतो. लेखक मात्र आपल्या वस्तीतला नसतो. म्हणून ते वाचणे हे आपले काम आहे.

या गद्याचा उगम कायद्यात आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक उत्तरदायित्वावर खर्च करावे लागतात. ज्यांची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये आहे त्यांना हे बंधन आहे. २०२२-२३ या एका वर्षात देशभर हा खर्च जवळपास ३०,००० कोटी रुपयांवर गेला आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा महाराष्ट्राला मिळाला. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा अशा औद्योगिक वसाहतींनी वेढलेल्या छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे कालपरवापर्यंतच्या औरंगाबादला, हा विषय परका नाही. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली आला. याच बजाज समूहाने २०२४ मध्ये पाच वर्षांत ५,००० कोटी रुपये खर्चून दोन कोटींहून अधिक तरुणांपर्यंत, मुख्यतः कौशल्य-शिक्षणाच्या मार्गाने, पोहोचण्याचा संकल्प जाहीर केला. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण साधा भागाकार केला तर सगळी रक्कम तरुणांवरच खर्च झाली असे धरूनही दरडोई अडीच हजार रुपये येतात. अडीच हजार रुपयांत तरुणाचे आयुष्य किती बदलते, याचे उत्तर ताळेबंद देत नाही. ते देण्याचे काम यशोगाथेवर सोपवलेले असते. आकडा जेथे लंगडा पडतो तेथे गोष्ट त्याला काठी देते.

२

या गद्यातला सर्वांत प्रसिद्ध नायक महाराष्ट्रातलाच होता. २०१५ साली फेसबुकने भारतात 'फ्री बेसिक्स' नावाची योजना पुढे रेटली. गरिबाला इंटरनेट फुकट मिळेल, मात्र कंपनीच्या दारातून जाणाऱ्या निवडक सेवांपुरतेच, असे तिचे स्वरूप होते. विरोध वाढला तेव्हा डिसेंबर २०१५ मध्ये मार्क झुकेरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहिला. त्यात महाराष्ट्रातला एक शेतकरी येतो. त्याचे नाव गणेश. तो फ्री बेसिक्सवर हवामान पाहतो, बाजारभाव पाहतो, आणि आता नव्या पिकात व जनावरांत पैसा गुंतवतो आहे. अशा माणसाने काय नुकसान केले, असा लेखकाचा सवाल आहे.

गणेश हे पात्र नीट पाहावे. त्याला आडनाव नाही, गाव नाही, तालुका नाही. महाराष्ट्रात आडनाव आणि गाव विचारल्याशिवाय कोणी कोणाला पाण्याचा तांब्या पुढे करीत नव्हते. या लेखात मात्र महाराष्ट्राचा एक शेतकरी या दोन्ही गोष्टींवाचून उभा आहे. त्याला बाजारभाव कळला की चांगला दर मिळतो. अडत्या, सावकार, गावचे राजकारण, विहिरीचे पाणी कोणाच्या शेताकडे वळते हा प्रश्न, यांतले काहीही त्याच्या वाटेत येत नाही. आणि तो शेतकरी आहे, म्हणजे त्याला जमीन आहे. मराठवाड्यातल्या दलित वस्तीत भूमिहीनांची संख्या किती आहे हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. भूमिहीन माणूस या गोष्टीचा नायक होऊ शकत नाही, कारण बाजारभाव पाहून तो काय विकणार? आपले श्रम? त्याचा भाव मोबाईलवर दिसला तरी तो ठरवण्याची सत्ता त्याच्या हाती येत नाही.

त्याच लेखात फ्री बेसिक्सची तुलना सार्वजनिक वाचनालयाशी, सरकारी दवाखान्याशी आणि शाळेशी केलेली होती. तेथे सगळी पुस्तके नसतात, सगळे उपचार नसतात, तरी त्यांचा उपयोग होतोच, असा युक्तिवाद होता. येथे आपण थांबले पाहिजे. 'सार्वजनिक' हा शब्द आमच्या इतिहासात फार महाग पडलेला आहे. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना मोकळे झाले, महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला, आणि तरी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर चालत जावे लागले. त्या दिवशी तळ्याचे पाणी कोणी दान दिले नव्हते. ते आमचे होते आणि आम्ही ते घेतले. सार्वजनिक वाचनालयावर नागरिकाचा हक्क असतो. ते नीट चालले नाही तर तो नगरपालिकेच्या दारात जाऊन भांडू शकतो. कंपनीच्या दारात तो फक्त आभार मानू शकतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी अशा भेदभावाच्या दरांना मनाई केली आणि फेसबुकने ही योजना भारतातून काढून घेतली. गणेशचे पात्र म्हणून असलेले काम तेथे संपले. ज्याची गोष्ट दाता सांगतो त्याचे आयुष्य दात्याच्या गरजेएवढेच असते.

३

या यशोगाथेशेजारी आपले आत्मकथन ठेवून पाहावे. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० मध्ये, शंकरराव खरातांचे 'तराळ-अंतराळ' १९८१ मध्ये, शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ मध्ये आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ मध्ये. या ग्रंथांतही गरिबी आहे, शाळा आहे, मदत करणारा एखादा मास्तर आहे, शिकून वर आलेला मुलगा आहे. वरवर पाहता सांगाडा तोच आहे. मग फरक कोठे आहे?

पहिला फरक असा की आत्मकथनात गरिबीला कारण असते. ती 'बेताची परिस्थिती' नसते. गावकीची कामे कोणाच्या वाट्याला आली, का आली, कोणाच्या फायद्यासाठी आली, हे लेखक सांगतो. दुसरा फरक असा की आत्मकथनात देणारा माणूस प्रसंगात हजर असतो. तो कसे देतो, वरून टाकतो की हातात ठेवतो, हे घेणाऱ्याने पाहिलेले असते आणि त्याने ते लिहिलेले असते. यशोगाथेत देणारा अदृश्य असतो. त्याच्या बोधचिन्हाची फक्त पाटी दिसते. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा फरक म्हणजे आत्मकथनाचा नायक कृतज्ञतेपाशी थांबत नाही. तो प्रश्न विचारतो, स्वतःलाही विचारतो. शिकून वर आल्यावर आपण वस्तीपासून तुटलो काय, हा सल त्याला सोडत नाही. यशोगाथेतल्या मुलीला असा सल बाळगण्याची मुभा नाही. ती हसलीच पाहिजे.

जातीचे नाव गाळणे हा या गद्याचा अपघात नाही. तो त्याचा नियम आहे. सामाजिक उत्तरदायित्वाचा खर्च कशावर करावा याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे. तिच्यात 'सामाजिक व आर्थिकदृष्ट्या मागास गटांना भोगाव्या लागणाऱ्या विषमता' कमी करणे हे कलम आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु 'अनुसूचित जाती' हे शब्द त्या यादीत येतात ते केंद्र सरकारच्या निधींना देणगी देण्याच्या कलमात. शाळा, कौशल्य, रोजगार या कलमांत ते येत नाहीत. सेबीने मोठ्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना जो अहवालाचा नमुना घालून दिला आहे त्यात लाभार्थ्यांपैकी दुर्बल व वंचित घटकांतील किती, असा एक प्रश्न आहे. पण त्याचे उत्तर देणे ऐच्छिक आहे. २०२१ च्या नियमांनी मोठ्या प्रकल्पांचे परिणाम-मूल्यमापन सक्तीचे केले. टॅब किती वाटले हे त्यातून कळेल. वस्तीत किती पोहोचले हे विचारण्याची सक्ती कोणावरही नाही.

४

हा वाद नवा नाही. ३० सप्टेंबर १९३२ रोजी, पुणे कराराच्या पाठोपाठ, अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था निघाली. तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. अध्यक्ष होते घनश्यामदास बिर्ला आणि कार्यवाह अमृतलाल ठक्कर. देशातला एक बडा उद्योगपती अस्पृश्यांच्या कल्याणाचा प्रमुख झाला होता. आजच्या भाषेत बोलायचे तर सामाजिक उत्तरदायित्वाचा तो मोठा आणि आरंभीचा प्रयोग होता. बाबासाहेबांना त्याच्या मध्यवर्ती मंडळावर घेतलेले होते.

१४ नोव्हेंबर १९३२ रोजी, तिसऱ्या गोलमेज परिषदेला जाताना बोटीवरून, बाबासाहेबांनी ठक्करांना एक दीर्घ पत्र लिहिले. त्यात त्यांनी समाजकार्याच्या दोन पद्धती वेगळ्या करून दाखवल्या. एक पद्धत मानते की माणसाच्या दुर्दशेचे मूळ त्याच्या वैयक्तिक वर्तनात आहे. म्हणून ती दारूबंदी, व्यायामशाळा, वाचनालये, शाळा अशा मार्गांनी त्या माणसाला सद्‌गुणी करू पाहते. दुसरी पद्धत मानते की मूळ परिस्थितीत आहे. म्हणून ती विहीर, शाळा, चावडी येथे नागरी हक्क बजावण्याचा आग्रह धरते आणि कामधंद्यात समान संधी मागते. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची दारे अस्पृश्यांना बंद होती, हे त्या काळचे उघड वास्तव होते. बाबासाहेबांनी दुसऱ्या पद्धतीचा आग्रह धरला. त्या पत्राची साधी पोचही आली नाही, असे त्यांनी पुढे काँग्रेस व गांधी यांच्यावरील १९४५ च्या ग्रंथात नमूद केले आहे.

आज व्यायामशाळेच्या जागी संगणक कक्ष आला आहे आणि दारूबंदीच्या जागी 'मनःस्वास्थ्य' व 'आत्मविश्वास' यांचे शिबिर आले आहे. पण पद्धत पहिलीच आहे. मुलगा मागे आहे कारण त्याला संगणक येत नाही, मुलगी खचली आहे कारण तिच्यात चिकाटी कमी आहे, असे गृहीत धरून त्यांना दुरुस्त करायचे. कारखान्याच्या विणकाम खात्याला हात लावायचा नाही.

हात न लावण्याचा हा नियम कायद्यातही आहे. कंपनीच्या स्वतःच्या कामगारांच्या हितासाठी केलेला खर्च सामाजिक उत्तरदायित्वात धरता येत नाही. कल्पना चांगली आहे. मजुरी ही दानाच्या खात्यात लिहिली जाऊ नये. पण परिणाम असा की मजुरीचा प्रश्न एका खात्यात बंद राहतो आणि औदार्य दुसऱ्या खात्यात फुलते. कंत्राटी कामगाराच्या मुलीला टॅब देणारा अहवाल तिच्या बापाला कायम का केले नाही, हे सांगण्यास बांधील नाही.

५

आता आपल्या शहराकडे वळू. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय काढले आणि नागसेनवनात मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून मुले येऊ लागली. सत्तर वर्षांनंतरही ती येतात. वसतिगृहात, भाड्याच्या खोलीत, अभ्यासिकेत राहतात. या मुलांच्या दृष्टीने 'डिजिटल समावेशन' या शब्दाचा पहिला अर्थ काय? त्यांचा पहिला अर्थ म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्ज.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती हा अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचा हक्क आहे. २०१७-१८ पासून तो महाडीबीटी या संकेतस्थळावर गेला. पहिल्याच वर्षी संकेतस्थळ इतके कोलमडले की शासनाला पुन्हा कागदी अर्ज घेण्याची वेळ आली. आजही उत्पन्नाचा दाखला, जातवैधता, आधारशी जोडलेले बँक खाते यांची साखळी जुळली नाही तर अर्ज अडतो. अडलेला अर्ज घेऊन मुलगा झेरॉक्सच्या दुकानात जातो आणि तेथे पैसे मोजतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिचे पैसे वर्ष संपत आले तरी येत नाहीत ही तक्रार विद्यार्थी संघटना वारंवार करतात. बार्टीच्या संशोधन अधिछात्रवृत्तीसाठी २०२३ मध्ये संशोधक विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानात बसावे लागले. ही सगळी मुले मोबाईल वापरतात, त्यांना संगणक येतो. ती डिजिटल जगाच्या बाहेर नाहीत. ती त्या जगाच्या आत, एका बंद खिडकीपुढे उभी आहेत.

साधनांची विषमता खोटी आहे, असे येथे म्हणायचे नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातल्या ग्रामीण कुटुंबांपैकी जेमतेम ४.४ टक्क्यांकडे संगणक होता आणि १४.९ टक्क्यांकडे इंटरनेटची सोय होती. शहरात हेच प्रमाण २३.४ आणि ४२ टक्के होते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि शिक्षण मोबाईलवर गेले तेव्हा या आकड्यांचा अर्थ वस्तीवस्तीत कळला. त्यानंतर घरोघर स्मार्टफोन आला. 'असर'च्या २०२३ च्या ग्रामीण पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे ४४ टक्के मुलांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण केवळ २० टक्के होते. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आठवडाभरात फोन अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे फोन आला, पण मुलीच्या हातात कमी आला, आणि ज्ञानाच्या आधी बाजार आला. या मुलीला टॅब मिळाला तर तिला तो हवाच आहे. तो नाकारण्याचा अधिकार कोणा समीक्षकाला नाही.

६

परंतु साधन हातात आले म्हणजे माणूस सुरक्षित झाला असे होत नाही. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, शिर्डीला, मे २०१५ मध्ये एका दलित तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली आणि त्यावरून वाद पेटला, असे वृत्तपत्रांनी तेव्हा नोंदवले. त्या तरुणाकडे फोन होता. तो शिकत होता. कोणत्याही पाहणीत तो 'समाविष्ट' म्हणून मोजला गेला असता. फोन घेण्याची त्याला मुभा होती. त्या फोनमधून कोणाचे नाव वाजावे हे ठरवण्याची मुभा नव्हती. डिजिटल समावेशनाची व्याख्या करणाऱ्यांनी हा प्रसंग व्याख्येच्या मध्यभागी ठेवला पाहिजे.

मनःस्वास्थ्याचेही तसेच. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबादला रोहित वेमुला आणि मे २०१९ मध्ये मुंबईला डॉ. पायल तडवी गेले. दोघेही शिक्षणाच्या उंच पायरीवर होते. त्यांच्या मातांनी २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. तिच्यात त्यांनी मुलांना धीर द्या अशी मागणी केली नाही. शिक्षणसंस्थांतला जातिभेद थांबवणारी यंत्रणा मागितली. मनाच्या आजारावर उपचार हवेत, समुपदेशक हवेत, याबद्दल दुमत नाही. पण ज्या शिबिरात 'तणाव' हा शब्द आहे आणि 'जात' हा शब्द नाही, ते शिबिर जखमेवर पट्टी बांधताना हात मारणाऱ्याकडे पाठ करून उभे आहे.

७

मग आपण ही मदत घ्यावी की नाकारावी? हा प्रश्न भावनेने सोडवायचा नाही. बाबासाहेबांनी १९१३ साली सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती घेतली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. तिच्यासाठी त्यांनी करारावर सही केली, दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याची. उभय बाजूंना बांधणारा तो करार होता. त्या शिष्यवृत्तीने कोलंबिया विद्यापीठाचे दार उघडले. पण १९१७ मध्ये तेच विद्वान बडोद्याला आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि दरबारी औदार्याला शहराचे एकही दार उघडता आले नाही. औदार्य किती दूर नेते आणि कोठे थांबते, याचा याहून स्पष्ट नकाशा नाही.

कंपन्यांचे औदार्य कोठे थांबते तेही आपण पाहिले आहे. २००६ साली खासगी क्षेत्रातील आरक्षणाची चर्चा पेटली तेव्हा उद्योगसंघटनांनी जे. जे. इराणी यांच्या अध्यक्षतेखाली कृतिगट नेमला. कायद्याचे आरक्षण नको, आम्ही स्वेच्छेने प्रशिक्षण आणि शिष्यवृत्त्या देऊ, असे त्याचे म्हणणे होते. नोकरीच्या जागी शिकवणी देऊ केली गेली ती तेव्हा. पुढच्याच वर्षी सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवले, तेव्हा दलित नावाच्या अर्जदाराला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे दोनतृतीयांश निघाली. डॉ. थोरात नागसेनवनातल्या मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी, हे येथे अभिमानाने नमूद केले पाहिजे. कौशल्य कमी होते म्हणून ते अर्ज मागे पडले नव्हते. आडनाव पुढे आले म्हणून पडले.

यावरून आपली कसोटी ठरते. कोणतीही कंपनी आपल्या वस्तीत टॅब, संगणक किंवा शिबिर घेऊन आली तर तिला तीन प्रश्न विचारावेत. तुमच्या प्रशिक्षणातून निघालेल्या आमच्या किती मुलामुलींना तुम्ही तुमच्याच कारखान्यात, कचेरीत, कायम नोकरी दिली? तुमच्या लाभार्थ्यांच्या आकड्यात अनुसूचित जाती-जमातींचा आकडा वेगळा का नाही? आणि योजना काय असावी हे ठरवणाऱ्या समितीत वस्तीतला कोण आहे? या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर मदत घ्यावी, ताठ मानेने घ्यावी. उत्तरे मिळाली नाहीत तरी साधन घ्यावे, पण छायाचित्र देऊ नये.

हे करताना शासनाला मोकळे सोडता कामा नये. शिष्यवृत्ती वेळेवर देणे, शाळेत शिक्षक आणि संगणक देणे हे राज्याचे कर्तव्य आहे. दात्याचे औदार्य हे राज्याच्या जबाबदारीचे राजीनामापत्र होऊ नये.

शेवटी समीक्षेच्या प्रश्नाकडे यायचे तर, यशोगाथेला खरे उत्तर आत्मकथनच देऊ शकते. पूर्वी आमच्या लेखकाला कागद मिळत नव्हता, छापखाना मिळत नव्हता. आज नागसेनवनातल्या मुलीच्या हातात जो फोन आहे त्यात दोन्ही आहेत. तिने आपली गोष्ट आपल्या आडनावासह, गावासह, आपल्या भाषेत लिहावी. कोणी काय दिले, कसे दिले आणि कोणी काय अडवले, तेही लिहावे. आजवर तिच्यावर अहवाल लिहिले गेले. यापुढे कंपनीचा, शासनाचा आणि समाजाचा अहवाल तिने लिहावा.